डबा, दहा मैल आणि अर्धा तास

गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी एक ते दीड असं मीटिंगचं आमंत्रण येऊन पडलं. पलीकडच्या टाइमझोनमधल्या मंडळींना म्हणे तेवढीच वेळ सोयीची होती. मी नेहमीसारखं मुकाट्याने 'ॲक्सेप्ट' दाबलं. मग काय, डाव्या हातात पोळीची सुरळी, उजव्या हातात माऊस, माईक म्यूट, आणि तोंडात घास असतानाच नेमकं कुणीतरी आपलं नाव घेणार! तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं जेवण रोज असंच होत असणार, त्यामुळे जास्त वर्णन करत नाही.

मीटिंग संपता संपता आईचा फोन. तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"जेवलास का?"

"हो, मीटिंगमध्येच उरकलं."

"उरकलं म्हणजे?" मग थोडं थांबून, "आज्जीसमोर असलं काही बोलू नकोस हां."

का, ते तिने सांगितलं नाही. पण त्या शनिवारी मी आजोळी, म्हणजे शिरूर तालुक्यातल्या आमच्या छोट्या गावाला जाणारच होतो. तिथून न्हावरा-चौफुला रस्त्याने पुढे दौंडला, वडिलांकडच्या घरी. म्हटलं, दोन्हीकडे विचारून बघू. आणि मग आमचं नेहमीचं झालं. एका साध्या प्रश्नाच्या मागे लागून तीन विकांत गेले. पुणे जिल्ह्याचं १८८५ चं जुनं गॅझेटियर चाळून झालं, दुष्काळावरची पुस्तकं वाचून झाली, आज्जीचं डोकं खाऊन झालं. प्रश्न एवढाच होता की, आपण दुपारी ज्या वेळेला जेवतो ती वेळ, आणि जेवायला मिळते ती सुट्टी, आली कुठून?

सुरुवात वेळेपासून करू. आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर. दौंड आहे साधारण ७४.६ वर. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने सूर्य दौंडच्या डोक्यावर येतो तो घड्याळात बाराला नाही, तर साधारण साडेबाराला (वर्षभरात पंधरा मिनिटं मागे-पुढे होतं ते सोडून द्या). म्हणजे 'भर दुपार' म्हणतात ती आपल्याकडे साडेबाराची. आज्जी घड्याळ न बघता ज्या वेळी ताट वाढायला घेते, ती वेळ मी सलग दोन दिवस टिपून ठेवली. बारा पस्तीस आणि बारा अठ्ठावीस! (इंजिनियर माणसाचे छंद, दुसरं काय.)

शेतावरचा दिवस या सूर्यावर बेतलेला असायचा. पहाटे उठून माणूस औत घेऊन रानात जाणार. सकाळी न्याहारी, ती बहुधा रात्रीच्या शिळ्या भाकरीची. आणि दुपारचं जेवण घरून रानात यायचं. शिरूर म्हणजे बाजरीचा पट्टा, त्यामुळे बाजरीची भाकरी, काहीतरी कोरड्यास, कांदा, ठेचा, सगळं फडक्यात बांधून पाटीत, पाटी डोक्यावर, आणि हातात पाण्याची कळशी. ती घेऊन जाणारी बाई पहाटे त्याच्याआधी उठलेली असायची, दळणापासून सगळं तिनेच केलेलं असायचं, आणि जेवायची त्याच्यानंतर. हे चित्र आपण सिनेमात इतकं बघितलंय की ते गोड-गोड वाटतं. ते तसं नव्हतं. पण त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: माणूस जेवणाकडे जात नव्हता, जेवण माणसाकडे येत होतं. जेवणाचं अंतर म्हणजे घरापासून बांधापर्यंतचं.

खायला आणून देणं ही आपल्याकडे नुसती सोय नाही, तो मानही आहे. शिरूरचंच उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोडनदीच्या काठी इंग्रजांची छावणी पडली. तिथला कर्नल वॉलेस नावाचा साहेब १८०९ साली वारला. लोकांनी त्याला 'सत्पुरुष' करून टाकलं! गॅझेटियरमध्ये नोंद आहे की, सुगीच्या वेळी शिरूर आणि आसपासच्या गावांतले लोक नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या समाधीवर घेऊन यायचे. साहेब गेला, छावणी गेली, पण त्याला जेवायला आणून देणारे राहिले. मला हे वाचून फार गंमत वाटली. पण ज्याचा मान ठेवायचा त्याला आपण जेवायला बोलवतो किंवा नेऊन देतो, रांगेत उभं करत नाही, हेही त्याबरोबर डोक्यात राहिलं.

आता दौंड. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे १८५८ मध्ये पुण्याला आली आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचली. भीमेच्या काठचं दौंड या लाईनीवर आलं, आणि सूर्यावर चालणाऱ्या गावात पहिल्यांदा एक असं घड्याळ आलं ज्याचा गावच्या सूर्याशी काही संबंध नव्हता. त्या काळात रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायला लागली होती, आणि मद्रासची वेळ दौंडच्या सूर्याच्या वीसेक मिनिटं पुढे. म्हणजे स्टेशनात बारा वाजले तरी बाहेर बैल अजून औताला जुंपलेलाच. भारतभर एक प्रमाणवेळ आली ती १९०६ पासून.

माझे आजोबा (वडिलांचे वडील) दौंडला रेल्वेत, रनिंग स्टाफमध्ये होते. त्यांचं जेवण ना सूर्यावर चालायचं ना घड्याळावर. ते चालायचं 'लिंक'वर, म्हणजे कुठली गाडी कधी घ्यायची त्या तक्त्यावर. ड्यूटी लागली की कॉल बॉय दारात यायचा, रात्री दोन असो की दुपारचे बारा. बरोबर लोखंडी लाईन बॉक्स, त्यात दिवे, झेंडे, कागद, आणि एका कोपऱ्यात शिधा: पीठ, डाळ, तांदूळ, कांदे-बटाटे. पल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला रनिंग रूम असायची. तिथल्या स्वयंपाक्याला आपला शिधा द्यायचा, अंघोळ करायची, तोवर तो रांधून ठेवायचा. आजोबांची दुपार पहाटे चारला व्हायची, कधी रात्री आठला. निवृत्त झाल्यावरसुद्धा त्यांना साडेबाराला भूक लागायची नाही. आजी (दौंडची) ताट झाकून ठेवायची आणि पुटपुटायची, "ह्यांची गाडी अजून आउटरलाच उभी आहे."

तर, एकीकडे रानातली भाकरी, दुसरीकडे रेल्वेची शिदोरी. इथपर्यंत गोष्ट तशी सुखाची आहे. इथून पुढे नाही.

१८७६ साली पाऊस गेला. पुणे जिल्ह्याचा पश्चिम भाग मावळाचा, तिथे पाऊस धो-धो. पण पूर्वेकडे शिरूर, आणि तेव्हाचा भीमथडी तालुका (आजचा दौंड त्यातच यायचा), हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. आधीच सावकारी कर्जाने लोक पिचलेले. १८७५ चे दख्खनचे दंगे याच भागात, भीमथडीतल्या सुपे गावच्या बाजारात सुरू झाले होते. त्यावर हा दुष्काळ. सरकारने दुष्काळी कामं काढली: रस्ते, तलाव, कालवे, आणि दौंड-मनमाड रेल्वे. आपण आज पुण्याहून मनमाडमार्गे उत्तरेला जातो ती लाईन १८७८ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या मातीकामावर दुष्काळी मजुरांचे हात लागलेले आहेत.

कामाची मजुरी सुरुवातीला पुरुषाला दिवसाला दोन आणे, बाईला दीड आणा, मुलाला एक आणा अशी होती. मग कलकत्त्याच्या सरकारला खर्चाची काळजी वाटायला लागली. त्यांनी सर रिचर्ड टेंपल यांना पाठवलं. याच माणसाने १८७४ च्या बंगाल-बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोक जगवले होते, आणि 'फार पैसे उधळले' म्हणून शिव्या खाल्ल्या होत्या. या खेपेला तो तसली चूक करणार नव्हता. जानेवारी १८७७ मध्ये मजुरीचा हिशेब बदलला. धान्य महागलं की पुरुषाला मिळणार एक पौंड धान्याची किंमत आणि वर आणा-अर्धा आणा. बायका-मुलांना त्याहून कमी.

एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. आज्जीच्या हिशेबाने चार, फार तर पाच भाकऱ्या. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला, पूर्ण दिवसासाठी. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी तेव्हाच सांगितलं होतं की कष्ट करणारा माणूस एवढ्यावर टिकत नाही. मद्रासकडे पुढे ते प्रमाण वाढवावं लागलं, पण मधल्या महिन्यांत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पण मला जास्त टोचली ती दुसरी अट, अंतराची. घराजवळ काम दिलं की गरज नसलेले लोकही येतात, म्हणून काम मुद्दाम लांब द्यायचं आणि मजुरांनी कामाच्या छावणीतच राहायचं, असं धोरण आलं. काही ठिकाणी तर घरापासून दहा मैलांच्या आत काम द्यायचंच नाही, असा नियम होता. खरोखर उपाशी असेल तो चालत येईल, असं त्यामागचं लॉजिक. आता आपल्या भाषेत बोलायचं तर हा एक फिल्टर होता. आणि या फिल्टरमध्ये भयंकर बग होता: जो सगळ्यात जास्त उपाशी, त्याच्याच्याने दहा मैल चालवत नाही. म्हातारी माणसं, तान्ह्या मुलांच्या आया, आजारी, सगळे त्या दहा मैलांतच गळणार.

लोकांनी हे निमूट घेतलं नाही. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात हजारो दुष्काळी मजुरांनी कामं सोडली. संपच तो. उपाशी माणसांनी केलेला. पुण्याची सार्वजनिक सभा, गणेश वासुदेव जोशी म्हणजे 'सार्वजनिक काका' आणि त्यांच्या बरोबरचे न्यायमूर्ती रानडे, गावोगावची माहिती जमवून सरकारला अर्जावर अर्ज पाठवत होते. तिकडे सत्यशोधक समाजाने वेगळा रस्ता धरला. १८७७ मध्ये पुण्याजवळ धनकवडीला 'व्हिक्टोरिया बालाश्रम' काढून जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या माणसांनी दुष्काळातल्या मुलांना जेवू घालायला सुरुवात केली. कामाची अट नाही, मैलांची अट नाही. मूल आहे आणि भुकेलं आहे, बस.

आणखी एक माणूस होता, पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करणारा. आई आजारी असताना वेळेवर रजा मिळाली नाही, हा त्याचा सल. (रजेचा सल आपल्याला नवा नाही.) दुष्काळात तो गावोगाव फिरला, लोकांचे हाल बघितले आणि पेटून उठला. वासुदेव बळवंत फडके. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांच्या टोळीने पहिली धाड घातली ती शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर. शाळेत 'आद्य क्रांतिकारक' एवढं पाठ केलेलं असतं, पण त्या बंडाच्या मागे रिकाम्या चुली होत्या हे शिकल्याचं काही मला आठवत नाही.

आणि दौंड तालुक्यातच, केडगावला, पंडिता रमाबाई. त्यांचे आईवडील दुष्काळातल्या उपासमारीने गेले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून मुली-बायकांना घेऊन आल्या, तीनशेच्या आसपास. केडगावच्या माळावर 'मुक्ती' उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. धर्मांतराच्या बाबतीत रमाबाईंवर तेव्हाही टीका झाली, आजही होते, तो वाद आत्ता बाजूला ठेवू. दोन हजार माणसांची दुपार रोज भागवायची, तेही दुष्काळात आणि माळरानावर, हा नुसता हिशेब करून बघा. आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनला हजार माणसं झाली की पोळ्या संपतात.

आता जरा मुंबईला जाऊन येऊ, कारण आपली जेवणाची सुट्टी तिथून आलीय.

दुष्काळात गावं सोडून गेलेले देशावरचे आणि कोकणातले लोक मुंबईच्या गिरण्यांत राबत होते. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. दुपारी यंत्र थांबवलंच पाहिजे अशी गिरणी मालकांवर कुठलीही सक्ती नव्हती. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या बघा: रविवारी पूर्ण सुट्टी. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्यापुढे नाही. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर इजा झाली तर भरपाई. आणि दुपारी अर्धा तास विश्रांती.

अर्धा तास! साडेपाच हजार माणसांनी अंगठे-सह्या करून मागितला तो हा अर्धा तास. १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबवणं बंधनकारक केलं. लिहिणाऱ्यांनी बारा ते दोन असं लिहिलं, म्हणजे आज्जीची साडेबाराची भर दुपार बरोब्बर त्यात सापडते. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यानेही हेच पुढे नेलं: सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती, आणि अडीचशेच्या वर कामगार असतील तिथे कॅन्टीन. माझा मामेभाऊ रांजणगाव एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. भोंगा झाला की लाईन थांबते, सगळे एकदम उठतात. मी त्याला माझ्या मीटिंगचं सांगितलं तर तो म्हणाला, "दादा, आमच्याकडं जेवायच्या टायमाला सुपरवायझरनं हाक जरी मारली ना, तरी कुणी वळून बघत नाय." मी गप्प बसलो. पगार माझा जास्त, पण दुपार त्याची मोठी.

आता आज्जी.

१९७२ चा दुष्काळ तुमच्या-माझ्या घरातल्या कुणी ना कुणी बघितलेला आहे. शिरूर, दौंड दोन्हीकडे पिकं गेली. आज्जी तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, पदरात तीन पोरं, त्यातली मधली माझी आई, पाच वर्षांची. आज्जी आणि आजोबा (आईचे वडील) दोघंही दुष्काळी कामावर जायचे, आधी खडी फोडायला, मग पाझर तलावाच्या कामावर. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा. त्याच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा, थापायला घेतली की तुटायची. आणि कामावर मिळायची सुकडी: भाजलेलं पीठ, गूळ, शेंगदाणे, तेल असं सगळं घातलेली.

आईला सुकडी आठवते ती खाऊसारखी. "इतकी छान लागायची माहितीये, मी फ्रॉकच्या खिशात भरून ठेवायचे." हे ती आमच्या लहानपणी पुष्कळदा सांगायची. आज्जी असली की सांगायची नाही. का, ते मला इतकी वर्षं कधी कळलं नव्हतं. या वेळी मी आज्जीला सरळ विचारलं, "आज्जी, सुकडी कशी लागायची गं?"

ती बराच वेळ शेंगा निवडत राहिली. मग म्हणाली, "गोडच व्हती. पन लायनीत हुभं राहून घ्यावी लागायची." थोड्या वेळाने, "आमच्या घरी सुगीला धा मान्सं जेवून जायाची रं. आनि म्या हात पसरून हुभी. तुजा आजा लायनीत कधी आला न्हाई. त्यो पानी पिऊन बसायचा. म्या माजी निम्मी पदरात लपवून आनायची, तवा खायाचा."

म्हणून 'जेवण उरकलं' हा शब्द तिच्यासमोर काढायचा नाही. ते मला त्या दिवशी कळलं.

तरीही, इतिहासाच्या तराजूत टाकलं तर १९७२ आणि १८७७ एक नाहीत, आणि हे सांगायलाच पाहिजे. १८७७ मध्ये भूकबळींची मोजदाद करणं अवघड झालं होतं. १९७२ मध्ये महाराष्ट्रात तसं होऊ दिलं नाही. फरक कशात होता? कामं गावाजवळ निघाली. 'दहा मैल चालून ये, मग तुझी भूक खरी मानतो' असं कुणी म्हणालं नाही. खायला कामाच्या जागी आलं. त्यातूनच वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे देशाचा रोजगार हमीचा कायदा २००५ मध्ये झाला, तेव्हा त्यात लिहिलं गेलं की काम पाच किलोमीटरच्या आत द्यायचं, आणि लांब दिलं तर दहा टक्के जास्त मजुरी द्यायची. टेंपलसाहेबाने अंतर ही परीक्षा केली होती. सव्वाशे वर्षांनी त्याच अंतराची भरपाई मजुराला मिळायला लागली. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतली ही सगळ्यात मोठी प्रगती, पण हिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

राहिली लायनीची लाज. तिचं काय? त्याचं उत्तर मला मामीकडे सापडलं. मामी गावातल्या शाळेत खिचडी शिजवते.

शाळेतल्या पोषण आहाराची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. सुरुवातीला आपल्याकडे शिजवलेलं काही मिळायचं नाही, हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायचा. मी स्वतः पिशवीतून नेलेला आहे. मग भुकेच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली आणि २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश झाला की मुलांना शाळेत शिजवलेलं जेवण द्या, किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं. तांदळाच्या पिशवीची खिचडी झाली ती अशी. २०२१ पासून योजनेचं नाव 'पीएम पोषण' झालं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, अधिक डाळ, भाजी, तेल.

आमच्याकडे खिचडीची चेष्टा भरपूर होते. 'खिचडी शाळा' वगैरे. त्यात किडे निघाले, डाळ पातळ होती, या बातम्याही खोट्या नसतात. आणि मामीसारख्या बायकांना त्याचं मानधन किती कमी मिळतं, ते विचारू नका. पण शनिवारी सकाळच्या शाळेत मी जाऊन बसलो. मुलं ताटल्या घेऊन गोल करून बसली. पाटलाचं पोर, पारध्याचं पोर, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली दोन मुलं, सगळी एका गोलात. सगळ्यांनाच मिळतंय, त्यामुळे कुणी हात पसरलेला नाही. मामी पातेलं घेऊन फिरत होती आणि "अजून घे रं, वाळलाय किती" म्हणत वाढत होती. म्हणजे पुन्हा जेवणच माणसाकडे चाललं होतं. आज्जीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पंगतच की मग ती." एवढंच. पण बरं वाटलं तिला, दिसलं मला.

सोमवारी परत खराडीला. नगर रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकून ऑफिसात पोचलो. दुपारी डबा नव्हता म्हणून ॲपवरून काहीतरी मागवलं. पंचवीस मिनिटांत जेवण गेटवर! मानवी इतिहासात जेवण माणसाकडे इतक्या झटपट कधी आलं नसेल. खाली घ्यायला गेलो. आणणारा मुलगा विशी-बाविशीचा, घामाघूम. पावणेदोन वाजले होते. मी सहज विचारलं, "तू जेवलास का?"

तो आधी गोंधळला. मग हसून म्हणाला, "चारनंतर सर. आत्ता पीक टाइम आहे ना, आत्ता थांबलो तर इन्सेंटिव्ह जातो."

म्हणजे आपण सगळे जेवतो, नेमक्या त्या वेळेला त्याला जेवता येत नाही. १८९१ मध्ये कायद्याने दिलेला बारा ते दोनमधला तो अर्धा तास त्याच्या वाट्याला येत नाही, कारण त्याच्या कामाला भोंगाच नाही. माझ्या वाट्याला येतो, तर मी तो मीटिंगला फुकट देऊन टाकतो, तेही कुणी न मागता, 'ॲक्सेप्ट' दाबून. साडेपाच हजार गिरणी कामगारांनी ज्यासाठी सह्या केल्या, तो अर्धा तास सोडून देण्याइतके आपण श्रीमंत कधी झालो?

फार उपदेश होतोय का? असो. मी काही क्रांती-बिंती केलेली नाही. कॅलेंडरवर रोज साडेबारा ते एक असा एक चौकोन टाकला, त्यावर 'जेवण' असं मराठीत लिहिलं. पहिल्या आठवड्यात दोन जणांनी त्यावर मीटिंग टाकली. एकाला नकार दिला, दुसऱ्याला देता आला नाही (बॉस होता). या आठवड्यात कुणी टाकली नाही. टीममधल्या एका मुलीने स्वतःच्या कॅलेंडरवरही तसाच चौकोन टाकलाय, ते बघून छान वाटलं. आणि जेवण मागवायचंच असेल तर आता बारा वाजायच्या आत किंवा दोननंतर मागवतो. त्याने त्या मुलाचा इन्सेंटिव्ह सुटत नाही, मला ठाऊक आहे. त्याच्यासाठी त्याच्या साडेपाच हजार सह्या कुणीतरी गोळा करायला लागतील, आणि आपलीही त्यात एक असायला हरकत नाही.

आज रविवार आहे. हाही लोखंडे आणि त्यांच्या गिरणी कामगारांनी मिळवलेलाच. साडेबारा वाजत आलेत, आणि आतून आई हाक मारतेय.

जेवून येतो.